मैदानाआधी तालीम

दिल्लीजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मराठीत पुस्तक निघतंय आणि त्याची प्रस्तावना लिहितोय वाडी रत्नागिरीचा माणूस, हे ऐकून गावातल्या दोघा-तिघांनी माझी चौकशी केली. तब्येत बरी आहे ना, अशा सुरात. त्यांचंही खरं आहे. जोतिबाच्या डोंगरावर वेगाचं काय काम? चैत्री यात्रेत सासनकाठी पुढं जाते ती गर्दी वाट देईल तशी. माघातल्या रविवारी कोल्हापुरातून खेटे घालायला निघालेली माणसं पहाटेच्या अंधारात पायी चढ चढत येतात, त्यातली कितीतरी अनवाणी. गुलालानं माखलेल्या या डोंगराला घाई ठाऊक नाही.

पण डोंगराला येणारा घाटरस्ता मात्र घाई ओळखतो. सुट्टीच्या दिवशी केर्लीच्या फाट्यावरून मोटरसायकलींचा एक घोळका वळला की पुढची पाच-सात मिनिटं वळणावळणावरून त्यांचा आवाज वर येत राहतो. कोण कुठं गियर टाकतोय तेही ऐकू येतं. हीच पोरं त्या वळणावर खेट्याच्या माणसांना आडवी येतात, म्हणून वयस्कर मंडळी त्यांना शिव्या घालतात आणि पोलीस कधीमधी काठी उगारतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं १८९ वं कलम सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीसाठीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. कायदा योग्यच आहे. प्रश्न एवढाच की ज्याच्या अंगात ही खुमखुमी आहे त्या पोरानं जायचं कुठं? मोटार-शर्यतीचा बंदिस्त ट्रॅक जगात जन्माला आला तो नेमक्या याच प्रश्नातून.

सुरुवातीच्या मोटार-शर्यती एका गावाहून दुसऱ्या गावाला जायच्या. १९०३ च्या मे महिन्यात पॅरिसहून माद्रिदला शर्यत सुटली. रस्त्याच्या कडेला लाखो माणसं, मध्येच कुत्री, पोरं, घोडागाड्या, वर धुळीचा लोट. पहिल्याच टप्प्यात स्पर्धक मेले, बघे मेले. मेलेल्यांत मार्सेल रेनो होता. आज ज्या रेनो गाड्या आपल्याकडे दिसतात, ती कंपनी काढणाऱ्या भावांपैकी एक. फ्रेंच सरकारनं बोर्दोमध्येच शर्यत बंद केली आणि उरलेल्या मोटारी घोड्यांना जुंपून रेल्वे स्टेशनावर नेल्या. वेगाच्या त्या पहिल्या मस्तीचा असा वरातीसारखा शेवट झाला. इंग्लंडात तर सार्वजनिक रस्त्यावर ताशी वीस मैलांपुढं जायलाच बंदी होती. मग मोटारी बनवणाऱ्यांनी आपली यंत्रं तपासायची कुठं? ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदारानं सरे परगण्यातल्या आपल्याच जमिनीवर काँक्रीटचा पावणेतीन मैलांचा ट्रॅक बांधला. वळणांवर जवळपास तीस फूट उंच कलत्या भिंती. हेच १९०७ चं ब्रुकलँड्स. दोन वर्षांनी अमेरिकेत इंडियानापोलिस आणि १९२२ मध्ये इटलीत मोन्झा. ट्रॅक म्हणजे श्रीमंतांच्या मौजेची जागा ही आपल्याकडची समजूत अर्धीच खरी आहे. ट्रॅक ही आधी प्रयोगशाळा होती, आणि त्याहून आधी पादचाऱ्याच्या जिवाची हमी होती.

आपल्याकडे हे काम बराच काळ धावपट्ट्यांनी केलं. त्यांतल्या काही दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेल्या आणि नंतर गवत उगवलेल्या. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, पण खरी पंढरी मद्रासच्या उत्तरेला शोलावरमला होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. शोलावरमच्या शर्यतींना गर्दी लोटायची. घरच्या वापरातल्या फियाट आणि ॲम्बेसेडर पोटातून पार बदलून तिथं पळायच्या. ऐंशीच्या दशकात विजय मल्ल्यांनी तिथं फॉर्म्युला वनमधून बाद झालेली एन्साइन गाडी पळवली होती, तेव्हा त्यांच्या नावामागं बँकांची यादी लागायची होती. क्लबनं पुढं श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःची जागा घेतली आणि १९९० मध्ये तिथं देशातला पहिला कायमचा ट्रॅक सुरू केला, लांबी ३.७१७ किलोमीटर. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनावर पळणारी एकट्याच्या बैठकीची छोटी रेसिंग कार बांधली. फॉर्म्युला मारुती नावाची ती गाडी मध्यमवर्गीय पोराच्या आवाक्यात आली नाही तरी नजरेच्या टप्प्यात आली. करिवर्धन १९९५ मध्ये हलक्या विमानाच्या अपघातात गेले. कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा.

इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली कोइम्बतूरमध्ये आहे. मोटार-शर्यतीचा नाद मुंबई-दिल्लीत असायला हवा होता. पैसा तिथं, गाड्या तिथं, इंग्रजी मासिकं तिथं. तो रुजला मात्र पंप, सूतगिरण्या आणि फौंड्र्यांच्या गावात. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन कोइम्बतूरचा, आणि त्याचे वडीलही रॅलीतले नावाजलेले चालक. ज्या गावात लेथ मशिनवर बसलेल्या माणसाला मापाच्या शतांश मिलिमीटरची किंमत कळते, तिथं रेसिंगचं इंजिन खोलून बसणारी माणसं आपोआप मिळतात. आणि महाराष्ट्रात असं गाव शोधायचं तर ते कोल्हापूर.

बाहेरच्यांना कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, तांबडा-पांढरा रस्सा आणि चप्पल. आतल्यांना त्याच्याइतकंच उद्यमनगर. म्हादबा मेस्त्रींच्या पिढीनं शाळेची पायरी न चढता इंजिनं समजून घेतली. विहिरीवरचं पाणी उपसायला इथं ऑइल इंजिनं बनली, उसाच्या गुऱ्हाळांना लागणारी यंत्रं बनली. पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींतून सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड, ब्रेक ड्रम यांची ओतकामं देशभरच्या वाहन कंपन्यांना जाऊ लागली. मेनन पिस्टन इथलाच. पुण्या-चेन्नईत तयार झालेली गाडी रस्त्यावर पळते तेव्हा तिच्या पोटात कोल्हापूरचं लोखंड असण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळं एमएच-०९ च्या पोरांना गाडीचा नाद का, हे विचारणाऱ्याला मी आधी उद्यमनगरात एक चक्कर मारायला सांगतो.

त्या नादाला वळण लावलं ते मोहिते रेसिंग ॲकॅडमीच्या कार्टिंग ट्रॅकनं. राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापुरात होऊ लागल्या आणि बंगळुरू, चेन्नई, मुंबईची पोरं आईबापांसकट इथं येऊ लागली. कुस्तीच्या गावात हेल्मेट घातलेली आठ-दहा वर्षांची पोरं बघून सुरुवातीला लोक हसले असतील. कार्ट दिसतेही खेळण्यासारखी. पण तिच्यासारखी कडक शिक्षिका नाही. तिला स्प्रिंग नाही, शॉकॲब्सॉर्बर नाही. पोलादी नळ्यांची चौकटच तेवढी लवते, आणि स्प्रिंगचं काम तीच करते. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर बसवलेली, म्हणजे वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीनं फिरायची सोय नाही. मग वळायचं कसं? सुकाणू फिरवलं की पुढच्या चाकांच्या ठेवणीमुळं मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं गेलं पाहिजे. ते उचललं तर गाडी वळते, नाही उचललं तर घासत, वेग खात जाते. हे दहा वर्षांच्या पोराला पुस्तकातून समजत नाही, कंबरेतून समजतं. बूड जमिनीपासून काही बोटांवर, कानाशी १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन किंचाळतंय, आणि इंजिनाला तर सील, म्हणजे खोलून काही करामत करायची सोय नाही. सगळ्यांना सारखं यंत्र. फरक पडला तर तो पोराच्या अंगातलाच.

कोल्हापूरकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं इथं घराच्या पत्त्यासारखी सांगितली जातात. तालमीत पोरगं पहिल्या दिवशी कुस्ती धरत नाही. आधी माती उकरतं, जोर-बैठका मारतं, थोरल्या पैलवानांच्या अंगाखाली रगडून घेतं. मैदान नंतर. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले, रोमचं कलोसियम पाहून आले आणि त्यांच्या मनातलं भव्य मैदान १९१२ मध्ये खासबागेत उभं राहिलं. आपण खासबागेचं कौतुक करतो, करायलाच हवं. पण गोलाकार बैठका बांधल्या म्हणून पैलवान तयार झाले नाहीत. पेठापेठांतून तालमी होत्या, वस्ताद होते, मल्लांच्या खुराकाचा खर्च संस्थान उचलत होतं, म्हणून मैदान भरलं. हा क्रम लक्षात ठेवून वाचकानं आता दिल्लीकडं यावं.

बुद्ध सर्किटची गोष्ट नेमकी उलट्या क्रमानं घडली. आधी मैदान. २००७ मध्ये फॉर्म्युला वनचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, पुण्याचे सुरेश कलमाडी यांच्यात प्राथमिक बोलणी झाली. ग्रेटर नोएडात जेपी समूहानं जागा आणि पैसा उभा केला. आराखडा जर्मनीच्या हर्मान टिळके यांचा. ते आडनाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल, पण त्यात पुण्याचं काही नाही. जमीन सपाट, गंगा-यमुनेच्या दुआबातली. म्हणून लक्षावधी टन माती हलवून तिच्यात चढ-उतार तयार केले. जोतिबाच्या डोंगरावर राहणाऱ्याला चढ विकत घ्यायची कल्पना गमतीची वाटते, पण टिळकेंचं काम फर्मास झालंय. सुरुवातीच्या वळणांनंतर ट्रॅक चढत तिसऱ्या वळणाला येतो, आणि तिथं तो मुद्दाम इतका रुंद केलाय की चालकाला आत शिरायच्या दोन-तीन वाटा सुचाव्यात आणि त्यातली एखादी चुकावी. तिथून पुढं किलोमीटरभराची सरळ पट्टी. गाड्या ताशी तीनशेच्या वर जातात आणि चौथ्या वळणाला करकचून ब्रेक. पुढं दहाव्या-अकराव्या वळणाचा लांबलचक कलता वाक, ज्यात चालकाची मान एका बाजूला ओढली जाते ती सुटतच नाही. एकूण लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणं १६.

३० ऑक्टोबर २०११ ला पहिली इंडियन ग्रां प्री झाली. आदल्या शुक्रवारी सरावात एक भटकं कुत्रं ट्रॅकवर आलं आणि जगभरच्या पत्रकारांना मथळा मिळाला. खरं तर पॅरिस-माद्रिदच्या वारसदारांनी कुत्र्याला एवढं हसायला नको होतं. सेबास्टियन फेटेलनं पात्रता फेरीत एक चक्कर १ मिनिट २४.१७८ सेकंदांत मारली, म्हणजे सोळा वळणं धरून ताशी सुमारे २१९ किलोमीटरची सरासरी. साठ फेऱ्यांची शर्यतही त्यानंच जिंकली आणि शेवटी चौकड्यांचा झेंडा दाखवला तो सचिन तेंडुलकरनं. कार्तिकेयनही त्या दिवशी मैदानात होता, सगळ्यात हळू गाड्यांपैकी एक घेऊन. २०१२ मध्ये फेटेल, २०१३ मध्ये पुन्हा फेटेल. त्या तिसऱ्या वेळी त्याचं सलग चौथं जगज्जेतेपद इथंच पक्कं झालं. गाडी पार्किंगला न नेता त्यानं प्रेक्षकांसमोर सरळ पट्टीवर गोल गोल गिरक्या घेतल्या, टायरांच्या धुरातून बाहेर पडून गाडीपुढं गुडघे टेकले. नियम मोडल्याबद्दल त्याच्या संघाला २५ हजार युरो दंड झाला. बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनचा तोच शेवटचा धूर.

का बंद पडलं, याची चर्चा पुस्तकात सविस्तर आहे. मी ती पळत पळत सांगतो. हा खेळ की मनोरंजन, यावर सरकारांचं एकमत नव्हतं. खेळ म्हटलं तर सवलत, मनोरंजन म्हटलं तर कर. राज्यानं दिलेली मनोरंजन कराची माफी न्यायालयात गेली. संघांच्या सामानाला जकातीचे अडथळे आले. पुढं एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हे सर्किट म्हणजे फॉर्म्युला वन कंपनीचं भारतातलं कायमचं आस्थापन, त्यामुळं इथली कमाई इथं करपात्र. तोवर शर्यत जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. जेपी समूह कर्जात बुडाला आणि २०२० मध्ये यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणानं थकबाकीपोटी जमिनीचं वाटप रद्द केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपीच्या मोटरसायकली आल्या, मार्को बेझेकी जिंकला, उष्म्यामुळं फेऱ्या कमी कराव्या लागल्या. पुढच्या वर्षी त्याही आल्या नाहीत.

लेखकाचा कल असा दिसतो की करआकारणी आणि बाबूगिरीनं एका चांगल्या सर्किटचा घात केला. मला ते पुरतं पटत नाही. कर नसता तरी काय झालं असतं? तीन वर्षं गर्दी आली ती बघायला आली. पहिल्या वर्षी अफाट, मग ओसरत. तिकीट काढलेल्या माणसाच्या गल्लीत, नात्यात, शाळेत शर्यत करणारं कुणी नव्हतं. खासबागेत बसलेला माणूस डाव ओळखतो, कारण लहानपणी त्याची स्वतःची पाठ मातीला लागलेली असते. बुद्ध सर्किटच्या स्टँडमधल्या किती जणांनी कधी कार्ट चालवली होती? आणि सर्किटच्या आसपासच्या गावांना तर या मैदानाशी नातं जोडायचं कारणच नव्हतं. त्याच २०११ च्या मे महिन्यात, यमुना एक्स्प्रेसवेच्या पट्ट्यातच भट्टा-परसौलला जमीन-संपादनाच्या वादात शेतकरी आणि पोलीस मेले होते. कौतुकाच्या भरात हे प्रकरण गाळलं नाही, याबद्दल लेखकाचे आभार. मात्र ते तळटीपेत न जाता मजकुरात यायला हवं होतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी आमच्या गावाचीच टिमकी वाजवतोय असं होईल. बुद्ध सर्किट ओस पडलेलं नाही. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या तिथं झाल्या, गाड्यांच्या चाचण्या होत राहिल्या, आणि देशातल्या ज्या पोरांनी कार्टिंगमधून वर येऊन मोठी गाडी धरली त्यांना चौथ्या वळणाआधीच्या त्या सरळ पट्टीवर पहिल्यांदा कळलं की खरा ब्रेक कशाला म्हणतात. त्यांत कोल्हापूरचे चालक आहेत. ध्रुव मोहितेनं २०१८ चा फोक्सवॅगन अमियो कप जिंकला. चित्तेश मंडोडी फॉर्म्युला गाड्यांमधला जाणता चालक. कृष्णराज महाडिक तर २०१७ आणि २०१८ मध्ये इंग्लंडात ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या मालिकेत उतरला, जिथल्या ट्रॅकवर ओल्या हवेत टायर कधी पकडेल आणि कधी सोडेल याचा नेम नसतो. एका जिल्ह्याच्या गावातून ही तीन नावं, आणि तीही एकाच पिढीतली. देशाला मिळालेल्या भव्य मैदानाचा उपयोग झाला तो अशा गावांना, जिथं तालीम आधीपासून चालू होती.

महाराष्ट्रात पुणे-चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगरला गाड्या बनतात. फोक्सवॅगनचा शर्यतीचा विभागही पुण्याचाच होता. तरी फॉर्म्युला वनच्या दर्जाचा ट्रॅक राज्यात नाही. अधूनमधून कुणी मंत्री तो बांधायची भाषा करतो तेव्हा वर्तमानपत्रं हर्षभरित होतात. मला त्यापेक्षा वेगळा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो आमच्या तालमीच्या उपमेला छेद देणारा आहे. शाहू महाराजांच्या काळात गरीब शेतकऱ्याचं पोरगंही खासबागेत उतरू शकत होतं, कारण दूध-बदामाचा भार दरबारावर होता. कार्टिंगमध्ये तसं नाही. कार्ट, इंजिन, दर फेरीचे टायर, मेकॅनिक, चेन्नई-कोइम्बतूरचा प्रवास, सगळं बापाच्या खिशातून. टायर कंपन्यांच्या योजना आहेत, पण त्या वर आलेल्याला हात देतात, तळातल्याला शोधत नाहीत. उद्यमनगरात तेरा वर्षांचं एखादं पोरगं बापाच्या हाताखाली कार्ब्युरेटर साफ करतं. आवाजावरून त्याला इंजिनाचं दुखणं कळतं. त्याला ट्रॅकवर बसवायला आज कुणी नाही. मग ते जोतिबाच्या घाटात जातं, आणि खेट्याची माणसं त्याला शिव्या घालतात.

या पुस्तकात सर्किटचा प्रत्येक मीटर आहे, प्रत्येक फेरीचं गणित आहे, खटल्यांच्या तारखा आहेत. मराठीत या विषयावर इतकं नीटस काम माझ्या पाहण्यात नाही, आणि नकाशे तर अप्रतिम आहेत. वाचकानं वळणांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, करांचं प्रकरण नंतर वाचलं तरी चालेल. कार्टपासून फॉर्म्युला गाडीपर्यंत एका पोराला वर आणायला वर्षाला किती खर्च येतो आणि तो कोण करतं, हा भाग मात्र लेखकानं दीड पानात आटोपलाय. दुसऱ्या आवृत्तीत त्याचं स्वतंत्र प्रकरण व्हावं, आणि त्यासाठी लागणारी माहिती गोळा करायला लेखकानं दिल्लीला नव्हे तर कोल्हापूरला यावं, एवढी मागणी मी इथंच नोंदवून ठेवतो.